सहावा हॉप कुठला, हे मला विचारू नकोस

अरे पुता,

तू घरी केलेल्या बियरची बाटली उघडली. फेस छान धरला होता, रंगही निवळ. नाकाशी नेली तर आंबा, लिची, पाईनचा चीक, कापलेलं गवत, सगळं एकदम अंगावर आलं. घोट घेतला आणि आत काहीच सापडेना. जीभ तुरटली, घसा कडू झाला, आणि मधे जिथे बियर असायला हवी तिथे पाणी. मग चिठ्ठी वाचली. घनता सुरुवातीला १.०३८, शेवटी १.००८, अल्कोहोल ३.९ टक्के. हॉप, म्हणजे बियरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, पाच जातींची : सिट्रा, मोझाइक, सिमको, गॅलेक्सी, कॅस्केड. २० लिटरला प्रत्येकी ३० ग्रॅम ड्राय हॉप, म्हणजे न उकळता बियरमध्ये नुसतं भिजत टाकलेलं, सात दिवस. खाली प्रश्न : "मावशी, काहीतरी कमी पडतंय. अमारिलो घालून बघू?"

तू मेहनती आहेस, भांडी स्वच्छ ठेवतोस, नोंदी करतोस. त्यावर शाई घालवत नाही. पण हा प्रश्न वाचून मी उठून पडवीत दोन फेऱ्या मारल्या. पाचांना जमलं नाही म्हणून सहावा? मला सांग, गॅलेक्सी त्यात काय करत होता? फळांचा वास देत होता म्हणशील. मग सिट्रा काय करत होता? आणि मोझाइक? ज्या हॉपचं काम तुला एका वाक्यात सांगता येत नाही, तो पिंपात जाणार नाही. माझ्याकडे शिकवण्यासारखं एवढंच आहे, आणि ते मी तुला कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे.

सेशन एलमध्ये, म्हणजे तुझ्यासारख्या कमी अल्कोहोलच्या बियरमध्ये, हे जास्त बोचतं. साडेसहा टक्क्यांच्या आयपीएत, त्या भरपूर हॉपच्या दणकट बियरमध्ये, माल्टचा गोडवा असतो, अल्कोहोलची ऊब असते. तिथे चार हॉप भांडले तरी निभावून जातं. १.०६२ च्या वर्टला, म्हणजे न आंबलेल्या माल्टच्या काढ्याला, ६० आयबीयू कडवटपणा पेलतो; आयबीयू हे कडवटपणाचं माप. तुझं १.०३८ चं वर्ट, त्यावर तू उकळीतलेच ३८ काढलेस. मी १.०४० ला सुरुवात करते आणि सगळं मिळून २५ ते २८ च्या वर जात नाही. मॅश, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवणं, तू ६५ अंशांवर केलास, म्हणजे होती नव्हती ती साखर यीस्टने संपवली. ६८-६९ वर कर, दहा टक्के ओट्स घाल. त्यातून जे न आंबणारं मागे राहील, तेच तुझ्या बियरचं अंग.

तेही तुझे हॉप खातात, हे तुला माहीत आहे का? हॉपच्या पाल्यात थोडे एन्झाइम असतात. उरलेल्या डेक्स्ट्रिनचे, म्हणजे त्या न आंबणाऱ्या भागाचे, ते तुकडे करतात आणि झोपलेलं यीस्ट पुन्हा जेवायला बसतं. हॉप क्रीप म्हणतात त्याला. १५० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे साडेसात ग्रॅम, सात दिवस उबेत ठेवलेस, मग १.००८ वर उतरली यात नवल काय? तुरटपणाही त्याच पाल्यातून आला. लिटरमागे तीन ते चार ग्रॅम पुरे, दोन-तीन दिवस, १४ अंशांच्या आसपास. मग पिंप गार करून हॉपपासून सुटका करून घे. पाच जणांना प्रत्येकी पूर्ण वाढप केलंस की बेरीज तेवढी होणारच. म्हणून म्हणते, काम विचार.

पहिलं काम कडवटपणाचं. त्याला मॅग्नम घे, जर्मन, १२ ते १४ टक्के अल्फा आम्लं (उकळीत बदलून कडवटपणा देणारी), स्वच्छ कडू आणि गप्प बसणारा. २० लिटरला १० ग्रॅम, ६० मिनिटं, की साधारण १५ आयबीयू मिळतात. तू तिथे सिट्रा घातलास. किंमत बघितली होतीस का पाकिटावरची? तासभराच्या उकळीत मायर्सीनसारखी वासाची तेलं वाफेबरोबर निघून जातात आणि मागे फक्त कडवटपणा उरतो. बांगड्याच्या हुमणात तिरफळं शेवटाकडे ठेचून पडतात, आणि ती पडली की आलं-लसूण डब्यात राहतं. तुझ्या आईला हे कुणी सांगावं लागत नाही. तिच्याच स्वयंपाकघरात उभं राहून तू असला प्रकार केलास!

दुसरं काम पुढे उभं राहण्याचं. पिणाऱ्याच्या तोंडी ज्याचा वास यावा असा एकच. तिसरं काम त्याच्या मागे उभं राहण्याचं. चौथं काम मला आजवर सापडलेलं नाही, आणि कोणी दाखवलं तर मी त्याच्या पाया पडेन.

आता तुझे पाच बघ. मोझाइक ही सिमकोची लेक, २०१२ साली बाजारात आली. मायलेकी दोघी एकाच पिंपात घातल्यास, वर गॅलेक्सी आणि सिट्रा दोघे एकाच जागेसाठी ढकलाढकली करणारे. चौघांचा मिळून जो वास होतो तो कुणाचाच नसतो. राहिला कॅस्केड. १९७२ चा, अमेरिकेच्या कृषी खात्याने ऑरेगॉनमध्ये तयार केलेला, आणि हल्लीची मुलं त्याला म्हातारा समजून टाळतात. मी त्याला पुढे उभा करते. कॅस्केड तीन भाग, सिट्रा एक भाग. उलटं वाटेल, पण सिट्रा जोरकस असतो, एक भागातही पुरतो. शिवाय कॅस्केडमध्ये जिरॅनिऑल असतं. आंबताना यीस्ट त्यातलं काही सिट्रोनेलॉल करतं आणि गुलाबाकडचा वास लिंबाकडे सरकतो. सिट्राचा आंबा त्या लिंबावर बसतो. प्रत्येकाचं काम एका वाक्यात सांगून झालं, बघ. सिट्रा नको असेल तर त्या जागी ईस्ट केंट गोल्डिंग्स घेऊन बघ, बियर वेगळ्याच, शांत वळणाला जाते. फक्त निम्मे-निम्मे करू नकोस. निम्म्या-निम्म्यात पुढे कोण हे ठरवायचं टाळलेलं असतं.

उकळ बंद केल्यावर वर्ट ८० अंशांखाली उतरू दे, मग सुगंधी हॉपचा पहिला हप्ता २० मिनिटं मुरव. तिथे अल्फा आम्लं फार बदलत नाहीत, पण थोडा कडवटपणा तिथूनही येतो आणि तो तू मोजलाच नव्हतास.

तू म्हणशील मावशी हट्टी आहे. आहेच. या हट्टापायी काय गेलं तेही ऐक. आम्ही तिघांनी बार्देशात छोटी ब्रूअरी काढायचं ठरवलं होतं. कुंडईच्या औषध कारखान्यातली लॅबची नोकरी सोडायची मी तयारी केली होती. कृती माझी होती, दोन सुगंधी हॉपची. भागीदारांना लेबलवर 'सात हॉप' छापायचं होतं. का, तर दुसऱ्या कुणाच्या लेबलवर सहा होते. मी बैठकीत विचारलं, सातवा काय करतो? कुणाला सांगता येईना. एकजण म्हणाला, "तो विकतो." सगळे हसले. मी सही केली नाही.

त्यांची ब्रूअरी चालते. स्टीलच्या टाक्या आहेत, थंड खोली आहे, आणि मी निवृत्तीनंतरही मागच्या पडवीत २० लिटरचं पिंप सांभाळत बसले आहे. वाईट वाटतं का? वाटतं. थंड खोलीचं तर फारच वाटतं. सातवा घालू दिला असता तर काय बिघडलं असतं, असं तुझे काका अजून अधूनमधून विचारतात. बिघडलं असतं. सातवा मान्य केला की आठव्याला नाही म्हणायला तोंड राहत नाही. त्यांची बियर मी आजही घेते. पहिला ग्लास मस्त लागतो आणि दुसरा माझ्याच्याने संपत नाही. मी तो मुद्दाम ठेवते असं काकांचं म्हणणं. म्हणोत बापडे. पावणेचार टक्क्यांची बियर करायची ती गप्पा मारत तीन ग्लास प्यायला, नाहीतर कशाला एवढा खटाटोप?

असो. तुझ्या कामाचं बोलू. माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, करून बघ. पुढची बॅच फक्त मॅग्नमवर आंबव. आंबणं संपलं की २० लिटर चार बरण्यांत वाट, नळी तळाशी नेऊन, हवा न मिसळता. एका बरणीत कॅस्केड, दुसरीत सिट्रा, तिसरीत सिमको, प्रत्येकी १५ ग्रॅम. चौथीत काही नाही. चौथी विसरू नकोस. लॅबमध्ये आम्ही तिच्याशिवाय कुठलाही निकाल मान्य करत नसू. मग सुई नसलेली १० मिलिलिटरची सिरिंज घे आणि मिश्रणं ग्लासात कर. तीसला दहा, वीसला वीस, दहाला तीस. ग्लासात फसलेलं ओतून देता येतं, पिंपात फसलेलं मित्रांना पाजावं लागतं.

एवढाही धीर नसेल तर दुकानातल्या साध्या लागरची ३३० मिलिलिटरची बाटली उघड, त्यात हॉपची एक ग्रॅम पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या गोळ्या, टाक आणि लगेच बूच ठोक. सावकाश केलंस तर फेस उसळून ओटा धुवावा लागेल. तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवून पी. त्या हॉपचा स्वभाव कळतो, आणि निम्म्या वेळा पाकीट शिळं आहे हेही कळतं. कुरिअरने मे महिन्यात भाजत आलेलं पाकीट, त्यात आपल्याकडचा दमटपणा आणि दिवसाआड जाणारी वीज. पाच पाकिटं फोडून अर्धी-अर्धी ठेवलीस की पाचही म्हातारी होतात. जुन्या चीजचा किंवा मोज्याचा वास आला की फेकून दे, मन घट्ट कर. फोडलेलं पाकीट हवा काढून फ्रीझरमध्ये. दोनच पाकिटं असली तर हे जमतं.

पाण्याचं थोडक्यात : आपलं जांभ्या दगडातलं पाणी मऊ, म्हणून २० लिटरला ३ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड आणि २ ग्रॅम जिप्सम. क्लोराइड जास्त ठेव, अंग भरल्यासारखं लागतं.

यीस्टवर मात्र जरा थांब. यूएस-०५ या नेहमीच्या एल यीस्टला १८ ते २० अंश लागतात, म्हणजे जुना फ्रिज आणि थर्मोस्टॅट आलाच. ते नसेल तर व्हॉस क्वाइक वापर, नॉर्वेतल्या शेतघरांतलं यीस्ट, ३५-४० अंशांतही मजेत राहतं, गोव्यासाठीच जन्मल्यासारखं. पण त्याला स्वतःचा संत्र्याचा वास असतो. मग मागे उभं राहायचं काम त्याचं झालं, सिट्राला सुट्टी. यीस्टलाही हाच नियम लागू, सूट नाही.

वेळ नीट साध. श्रावणात तुझ्या घरी कुणी चाखणार नाही, आणि ही बियर ठेवून पिण्याची नव्हे. महिना-दीड महिन्यात वास ओसरतो. श्रावणाच्या मध्याला पिंप लाव, म्हणजे बाटल्या मुरून चवथ आटोपल्यावर उघडता येतील. शेवटची घनता १.०१२ च्या जवळ यायला हवी. ड्राय हॉपनंतर लागोपाठ तीन दिवस आकडा तोच आला तरच बाटल्या भर, साखर लिटरमागे ६ ग्रॅम. आकडा हलत असताना भरलेल्या बाटल्या फुटतात, आणि तुझ्या त्या बाटल्या आजीच्या खाटेखाली असतात असं ऐकलं. तिथून आधी हलव.

सोमवारी दुपारनंतर ये. मॅग्नम माझ्याकडे आहे, १० ग्रॅम देते. काटा तुझा आण, माझ्याची बॅटरी गेली आहे.

तुझी,
मावशी