खडखडीत वाचतो, पण उत्तरं येत नाहीत

"मॅडम, वाच म्हटलं की खडखडीत वाचतो. उताऱ्याखालचे प्रश्न विचारले की तोंडात मिठाची गुळणी." सहामाहीचे पेपर हातात आले की ही तक्रार थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा ऐकू येते. त्यातलीच ही एक गोष्ट, सहावीतल्या एका मुलाची. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच भेटी इथे थोडक्यात आणल्या आहेत.

आईचं बोलणं संपल्यावर मुलाला विचारलं, "मिठाची गुळणी म्हणजे काय रे?"

"मी गप्प बसतो, असं म्हणतेय ती."

म्हणजे बोलण्यातला लाक्षणिक अर्थ त्याला सहज कळत होता. अडत होतं ते कागदावर.

अशा वेळी एक साधी तपासणी करावी. सारख्याच अवघडपणाचे, साधारण १५० शब्दांचे तीन उतारे घ्यायचे, प्रत्येकावर ६ प्रश्न. पहिला मुलाने मोठ्याने वाचायचा, दुसरा आपण वाचून दाखवायचा, तिसरा त्याने मनात वाचायचा. ऐकूनही उत्तरं येत नसतील, तर शब्दसंग्रह आणि भाषेची ओळख कमी पडते आहे. ऐकून येतात आणि वाचून येत नाहीत, तर अडचण वाचण्याच्या क्रियेत आहे. या मुलाची ऐकून ५ उत्तरं बरोबर आली, मोठ्याने वाचून फक्त २.

कारण त्याच्या एका वाक्यात सापडलं. "मध्ये थांबलं की बाई म्हणतात, अडखळू नकोस." सगळं लक्ष उच्चारात आणि वेगात, अर्थासाठी मागे काहीच उरत नव्हतं. थांबणं म्हणजे चूक, हे तो पक्कं शिकला होता. मूल आळशी नसतं, त्याला चुकीची गोष्ट नीट शिकवलेली असते. समुपदेशनात मी नेहमी इथूनच सुरुवात करते.

अलंकारांचंही तसंच. 'सारखा, सम, प्रमाणे दिसलं की उपमा. जणू, गमे, वाटे दिसलं की उत्प्रेक्षा' एवढं पाठ. म्हणून "बाळ सारखं रडत होतं" याखाली त्याने रेघ मारून 'उपमा' लिहिलं होतं. तिथे 'सारखं' म्हणजे सतत. कशाची कशाशी तुलना आहे, हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. वाक्प्रचारांच्या याद्याही अशाच फसवतात. 'डोळे उघडले' हे सकाळी जाग आल्यावरही खरं आणि फसवणूक कळल्यावरही खरं. कोणता अर्थ घ्यायचा ते आजूबाजूची वाक्यं सांगतात, यादी नाही.

मग त्याला एकच काम दिलं. मनात वाचायचं आणि जे वाक्य शब्दशः घेतलं तर खोटं ठरेल, तिथे थांबायचं. थांबल्याबद्दल शाबासकी.

तिसऱ्या भेटीत तो एका ओळीवर थांबला : "दिवसभर गाव तापलं. संध्याकाळी वारा दारापर्यंत आला आणि आत यायला लाजला."

"मॅडम, हे खोटं आहे. वारा कसा लाजेल?"

"खोटंच आहे. मग लिहिलं कशाला असेल?"

बराच वेळ तो काही बोलला नाही. अशा शांततेत मोठ्यांनी उत्तर पुरवू नये. मूल त्याच वेळी विचार करत असतं. मग तो म्हणाला, "पाहुणे आले की मी दारात उभा राहतो, तसा. म्हणजे वारा आलाय, पण अगदी थोडा. घरात अजून उकडतंय."

'घरात उकडतंय' हे उताऱ्यात कुठेच नव्हतं. ते त्याने स्वतः काढलं होतं. निर्जीव वस्तूला माणसासारखं वागवलं की त्याला चेतनगुणोक्ती म्हणतात, हे त्यानंतर सांगितलं. अर्थ आधी आणि नाव नंतर आलं, तर नाव विसरत नाही.

घरी रोज १५ मिनिटं पुरतात. आधी प्रश्न वाचू नयेत. मुलं मग उत्तराचे शब्द शोधत फिरतात. एक परिच्छेद मनात वाचून पुस्तक मिटायचं आणि आपल्या शब्दांत एक वाक्य सांगायचं. जमलं नाही, तर तोच परिच्छेद पुन्हा. थांबलेल्या ओळीला तीन प्रश्न : कशाला काय म्हटलंय? दोन्हींत सारखं काय? ते काढून टाकलं तर काय कमी होईल? शेवटी उताऱ्याखालचे प्रश्न घ्यायचे आणि प्रत्येकाचं उत्तर ओळीत लिहिलेलं आहे, दोन ओळी जोडून मिळतं की स्वतःचं मत द्यायचं आहे, एवढं आधी ठरवायचं. 'का' विचारलेलं असताना 'काय' लिहून येणं, ही सगळ्यात जास्त गुण घालवणारी चूक.

मूल अक्षरंच गाळत असेल, ओळ सुटत असेल, सहावीतही जोडाक्षरावर अडत असेल, तर मात्र आधी डोळे तपासून घ्या आणि अध्ययन अक्षमतेची तपासणी तज्ज्ञांकडून करून घ्या. तिथे हे उपाय पुरणार नाहीत.

या मुलाला आणखी एक वही दिली होती, घरात ऐकलेली 'खोटी पण खरी' वाक्यं टिपायला. शेवटच्या भेटीत त्याने आजीचं एक वाक्य दाखवलं : "आज कंबरेने संप पुकारलाय." खाली त्याच्या अक्षरात : 'कंबर = कामगार. सारखं काय : काम बंद. काढलं तर काय कमी होईल : आजी हसतेय हे कळणार नाही.'