सीड कंपनीचा बॉन्ड, दोन कोरे चेक अन बाबांची जामीनदारी: सही करू का नको?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून एका भावाचा मेसेज आला. बीएस्सी ॲग्री झालं आहे, एका सीड कंपनीत फिल्ड ऑफिसरची ऑफर आहे, पॅकेज वर्षाला 3 लाख, एरिया दारव्हा-दिग्रस-आर्णी. इंग्रजी ॲग्रीमेंटची पीडीएफ व्हॉट्सॲपवर आली अन एचआरवाला म्हणते परवापर्यंत सही करून पाठवा. आत काय आहे तर दोन वर्षांचा बॉन्ड, मधात सोडलं तर दीड लाख भरा, ओरिजिनल मार्कशीट कंपनीकडे, सही केलेले दोन कोरे चेक, बाबा जामीनदार, डीलरची उधारी थकली तर पगारातून कपात, नोकरी सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या बियाणे कंपनीत जायचं नाही, अन भांडण झालं तर कोर्ट हैदराबादचं. घरचे म्हणून राहिले नोकरी भेटून राहिली तर नखरे नको करू.

भाऊ, नोकरी सोडू नका, पण जसं आलं तसं सहीही करू नका. तुम्ही सगळ्यात जास्त घाबरले त्या दुसऱ्या कंपनीत जायचं नाही वाल्या अटीला, अन चेकबद्दल एका ओळीत विचारलं, तेही शेवटी. माझ्या मते नेमकं उलटं पाहिजे होतं.

नोकरी सोडल्यावर दुसरीकडे जायला बंदी, ही अट भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 मुळे चालत नाही, मग तुम्ही त्याच्यावर दहा सह्या केल्या तरी. नोकरीत असताना मात्र चालते, म्हणजे पगार ह्यांचा अन माल दुसऱ्याचा विकला किंवा भावाच्या नावाने कृषी केंद्र टाकून तिथे दुसऱ्या कंपनीची पाकिटं ठेवली तर कंपनी धरू शकते अन बरोबर धरेल. डीलरची लिस्ट, रेट, स्कीम बाहेर सांगायची नाही ही अटही रास्त आहे, त्याच्यावर भांडत बसू नका. ही बंदीची ओळ काढा म्हणून एकदा मागून पाहा, नाही काढली तर सोडून द्या, तिच्यासाठी ऑफर घालवायची गरज नाही.

आता चेक. कोऱ्या चेकवर सही करून तुम्ही स्वतःहून दिला अन पुढे रक्कम-तारीख कंपनीने भरली, तरी कायदा असंच धरून चालते की तो देणं फेडायलाच दिला होता. सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. देणं नव्हतं हे मग तुम्हाला दाखवावं लागते. चेक बाउन्स झाला की चेकच्या कायद्याचं (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम 138, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात 2015 च्या दुरुस्तीपासून, चेक खात्यात टाकला तर घेणाऱ्याचं खातं ज्या ब्रँचला आहे तिथल्या कोर्टात केस लागते. म्हणजे कंपनीचं खातं हैदराबादला असेल तर ॲग्रीमेंटमधून हैदराबादची ओळ खोडून घेतली तरी चेक तुम्हाला हैदराबादलाच नेईल, तारखेमागे तारीख, गाडीभाडं तुमचं. बॉन्डचे पैसे वसूल करायचे तर कंपनीला दिवाणी दावा टाकावा लागते, कोर्ट फी भरावी लागते, नुकसान काय झालं ते दाखवावं लागते. एवढी कटकट नको म्हणून तर ते चेक मागतात. चेक देऊ नका, एकही नाही. एचआर म्हणेल सगळेच देतात. देत असतील.

बॉन्डबद्दल लोक दोन्हीकडून चुकीचं सांगतात. कोणी म्हणते बॉन्ड बेकायदा असतो, फाडून फेका. तसं नाही. विजया बँकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने मे 2025 मध्ये तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली म्हणून घेतलेले 2 लाख कायम ठेवले, त्या माणसाने राजीनामा दिला होता 2009 मध्ये. पण ती सरकारी बँक होती, नवीन भरतीला जाहिरात, परीक्षा सगळं करावं लागते हे कोर्टाने पाहिलं. तुमच्या कंपनीने हॉटेलात चार दिवस पीपीटी दाखवली अन दीड लाख मागितले तर करार कायद्याच्या कलम 74 खाली तिला वाजवी नुकसानभरपाईच भेटू शकते, दीड लाख ही फक्त वरची मर्यादा झाली. म्हणून बॉन्ड काढा म्हणू नका, लहान करा. माझ्याकडचा मजकूर असा राहील, तुम्ही इंग्रजीत मेल करा: "कर्मचाऱ्याने पहिल्या 12 महिन्यांत स्वतःहून नोकरी सोडल्यास, त्याच्या प्रशिक्षणावर प्रत्यक्ष झालेला व बिलाने दाखवलेला खर्च, जास्तीत जास्त 40,000 रुपये, उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात परत द्यावा. कंपनीने काढल्यास किंवा पगार 30 दिवसांपेक्षा जास्त थकल्यास काहीही देणे लागणार नाही." शेवटचं वाक्य सोडू नका, सीझन संपला की पोरं काढणाऱ्या कंपन्या असतात.

बाबांचं नाव पूर्ण काढायला लावा. जामीनदाराची जबाबदारी तुमच्या एवढीच असते, म्हणजे कंपनी तुम्हाला सोडून सरळ त्यांच्यावरही दावा करू शकते. तुम्ही लिहिलं की सातबारापण मागितला आहे. तिथंच समजून जा. कोरडवाहू पाच एकर अन त्याच्यावर पीककर्ज, त्यात हे लफडं कशाला.

मार्कशीट व्हेरिफिकेशनला दाखवा, झेरॉक्स द्या, ओरिजिनल घरी आणा. उद्या एमएस्सीची ॲडमिशन किंवा कृषी विभागाची भरती निघाली अन कागद कंपनीच्या कपाटात असले तर राजीनामा द्यायची सोयच राहत नाही.

उधारीची अट वाचून मला खरंच राग आला. मान्सून लांबला, दुबार पेरणी आली, डीलरकडं शेतकऱ्यांचे पैसे अडकले, अन कपात तुमच्या पगारातून? 21 नोव्हेंबर 2025 पासून चारही श्रम संहिता लागू आहेत, अन वेतन संहितेत नुकसानीची कपात तेव्हाच चालते जेव्हा माल किंवा पैसा तुमच्या ताब्यात सोपवला होता अन तो तुमच्या चुकीने गेला, तेही तुमचं म्हणणं ऐकून घेतल्यावर. डीलरची थकबाकी त्यात बसत नाही. पण एक सांगतो, डीलर नगदी पैसे तुमच्या हातात देऊन म्हणाला "कंपनीत जमा करून द्या", तर घेऊ नका. कंपनीच्या खात्यात टाकायला लावा. एकदा तुमच्या खिशात पैसा आला की वरचं सगळं संरक्षण पातळ होते.

कोर्टाच्या ओळीला हलकं घेऊ नका, सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2025 मध्ये एका खासगी बँकेच्या नोकरीच्या करारात अशी अट चालते म्हटलं आहे. यवतमाळ मागा, नागपूरवर तोडा.

नोटीस पिरियड तुमच्याकडून तीन महिने अन कंपनीकडून सात दिवस लिहिला आहे, दोन्हीकडून एक महिना करा. अन तुम्ही जे विचारलंच नाही ते, पेट्रोल! तीन तालुके गाडीवर फिरणार, किलोमीटरला किती, किती दिवसांत, हे ॲग्रीमेंटमध्ये कुठंच नाही. 3 लाखाच्या पॅकेजात कंपनीचा पीएफचा हिस्सापण धरला असेल तर हातात किती येते ते लेखी घ्या, नाहीतर अर्धा पगार टाकीतच जाईल.

मागताना सगळं एका मेलमध्ये मागा, फोनवर नको, व्हॉट्सॲप कॉलवर तर नकोच. सुरुवातीला लिहा की जॉइन करायला तयार आहे, मुद्दे क्लिअर झाले की सही करतो. वकिलाच्या लेटरहेडवर पाठवू नका, एचआर लगेच लीगलकडे ढकलते अन ऑफर थंड पडते. चेक, बाबांची जामीनदारी अन उधारीची कपात ह्या तिघांवर अडून बसा, बाकीच्यात खालीवर चालते. ह्या तिन्हीवर कंपनी नाहीच म्हणाली तर माझं मत, सोडा ही ऑफर.

वकिलाची फी परवडत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते, घरचं वार्षिक उत्पन्न 3 लाखाच्या आत असेल तर सल्ला फुकट. अनुसूचित जाती-जमातीचे असाल तर उत्पन्न पाहतच नाहीत. 15100 वर फोन केला तरी सांगतात. जाताना ॲग्रीमेंटच्या सगळ्या पानांची प्रिंट, ऑफर लेटर अन एचआरच्या मेसेजचे स्क्रीनशॉट न्या, नुसता मोबाईल दाखवला तर समोरचा वकील ती पीडीएफ झूम करू करू वाचत बसेल.