हप्ता भरतोय, तरी कर्ज का हलत नाही?

(पैसापाणी : वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही कल्याणला राहतो, दोघंही नोकरी करतो. माझं पॅकेज साडेबारा लाख, मिसेसला हातात २८ हजार मिळतात. २०२१ च्या सुरुवातीला ४० लाखांचं होमलोन घेतलं, २० वर्षांसाठी, तेव्हा व्याज ६.७ टक्के होतं. हप्ता ३०,३०० होता, मधे बँकेने तो ३२,५०० केला. मुलीची शाळा, व्हॅन, क्लास, सोसायटी मेंटेनन्स, आईबाबांची औषधं हे सगळं झालं की २० तारखेनंतर कार्डावर चालतं. कार्डाचे ६० हजार थकलेत, दर महिन्याला मिनिमम भरतो. मुलीच्या नावाने दीड लाखाची एफडी आहे तिला हात लावलेला नाही. सगळे सांगतात बाहेरचं खाणं बंद करा. ते बंद करूनही काही फरक पडला नाही. आमचं चुकतंय कुठे? आणि टॅक्ससाठी ओल्ड रेजिम (जुनी करपद्धत) ठेवू का?

उत्तर : सगळ्यात आधी बाहेरचं खाणं परत सुरू करा, महिन्यातून एकदा तरी. मध्यमवर्गाला बचतीचा सल्ला द्यायचा म्हटलं की लोक थेट त्याच्या चहा-वडापाववर का येतात मला कळत नाही, तुमचं गणित वडापावने बिघडलेलंच नाहीये.

आता लोनकडे या. मे २०२२ ला रिझर्व्ह बँकेने रेपो रेट (ज्या दराने ती बँकांना पैसे देते) वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. तुमचं लोन रेपोला जोडलेलं असणार (ऑक्टोबर २०१९ नंतरची बँकांची फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाची, होमलोन्स अशा बाहेरच्या दरालाच जोडावी लागतात, बहुतेक बँकांनी रेपो घेतला), म्हणजे तुमचा ६.७ चा दर ९.२ च्या आसपास गेला. तेव्हा तुमचं मुद्दल साधारण ३८ लाख होतं. त्यावर महिन्याचं व्याजच २९ हजारांच्या वर जातं!! तुम्ही ३२,५०० भरत होता आणि त्यातले जेमतेम तीन हजार मुद्दलात जात होते. हप्ता फक्त २,२०० ने वाढला म्हणून तुम्हाला हायसं वाटलं असेल, पण बाकीचा सगळा भार बँकेने मुदतीवर टाकला आणि मुदत काही तुमच्या मोबाईलवर दर महिन्याला मेसेज करत नाही.

मी अंदाजे हिशोब मांडला. पाच वर्षांत तुम्ही १९ लाखांच्या जवळपास भरलेत आणि मुद्दल कमी झालंय साडेतीन लाखांच्या आत. २०२५ मधे रेपो हळूहळू सव्वापाचवर आला त्यामुळे आता तुमचा दर ८ च्या थोडा खाली असायला हवा, पण तो खरंच उतरलाय का हे स्वतः बघा, गृहीत धरू नका. हप्ता असाच ठेवला तर अजून सतरा वर्षांच्या वर फेडत बसाल, मूळ हिशोबाने पंधराच राहिली होती.

बँकेत जाऊन (किंवा ॲपवरून) दोन गोष्टी मागा. एक, लोन स्टेटमेंट, त्यात आत्तापर्यंत गेलेलं मुद्दल, व्याज, उरलेले हप्ते आणि सध्याचा दर असतो, दर तिमाहीला ते द्यायचं असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मधे सांगितलेलं आहे. त्याच परिपत्रकात असंही आहे की दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत की दोन्ही, हे ग्राहकाला विचारायचं. तुम्हाला विचारलं होतं का? बहुतेक एक एसएमएस आला असेल आणि तो ऑफरच्या मेसेजेसमधे गेला असेल. दुसरं, तुमचा स्प्रेड (रेपोच्या वर बँक लावते ती टक्केवारी) किती आहे आणि आज नवीन ग्राहकाला किती देतात ते विचारा. फरक असेल तर थोडी फी भरून कमी करून मिळतो. बॅलन्स ट्रान्सफरवाले (कर्ज आमच्या बँकेत आणा म्हणणारे) फोन करतील, पण तिथे प्रोसेसिंग फी, स्टॅम्प ड्यूटी, नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सरकारी नोंद) असं सगळं परत लागतं, त्यामुळे आधी आपल्याच बँकेशी भांडून बघा, बऱ्याचदा "दुसरीकडे नेतोय" म्हटलं की दर उतरतो.

हप्ता साधारण अडीच हजारांनी वाढवला तर मुदत परत पंधरा वर्षांवर येते आणि शेवटपर्यंतचा हिशोब केला तर साडेचार लाखांच्या वर वाचतात. अडीच हजार आणायचे कुठून म्हणाल तर ते तुम्ही आत्ताही भरताय, फक्त चुकीच्या जागी. कार्डाच्या ६० हजारांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांनी २,१०० व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, झाले की अडीच हजार! शिवाय मिनिमम भरून बाकी पुढे ढकललं की नव्या खरेदीवरचे बिनव्याजी दिवसही जातात, किराणा घेतला त्या दिवसापासून मीटर चालू. मुलीची एफडी मोडा. वाईट वाटेल, आजी-आजोबांनी दिलेले पैसे असतील तर जास्तच वाटेल, पण सहा-सात टक्क्यांची एफडी सांभाळत ४२ टक्क्यांचं कर्ज वागवणं हा मुलीवरच अन्याय आहे. आधी कार्ड शून्य करा, मग त्याच अडीच हजारांनी हप्ता वाढवा. फ्लोटिंग होमलोनला वैयक्तिक कर्जदाराकडून प्रीपेमेंट चार्ज (मुदतीआधी फेडल्याचा दंड) घेता येत नाही, म्हणजे बोनस आला की त्यातलाही थोडा मुद्दलात टाकता येईल.

टॅक्सचं पटकन सांगते. २०२५-२६ पासून न्यू रेजिममधे १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही, नोकरदाराला ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन धरून पावणेतेरा लाख. तुम्ही साडेबारात आहात, टॅक्स शून्य. ओल्डमधे ८०सी (पीएफ, विमा वगैरेंची सूट), लोनचं दोन लाख व्याज, मेडिक्लेम सगळं दाखवूनही ६०-७० हजार जातात. त्यामुळे "टॅक्स वाचवायला" म्हणून कोणी पॉलिसी गळ्यात मारायला आलं तर पाणी द्या आणि परत पाठवा.

प्रश्न : आम्ही एका पगारात सहा माणसं सांभाळली. हल्ली दोघं कमावतात तरी रडगाणं. गरजाच वाढवून ठेवल्यात, असं नाही वाटत? (एक निवृत्त वाचक, सातारा)

उत्तर : काका, थोडं वाटतं. एकेक लग्न बघितलं की तर फारच वाटतं. पण तुमच्या त्या एका पगारामागे कोण कोण उभं होतं तेही मोजा ना. मुलं झेडपीच्या नाहीतर नगरपालिकेच्या शाळेत, फी नावापुरती. बाळंतपण सिव्हिलला. प्रवास एसटीने. आणि रिटायर झाल्यावर पेन्शन, जी १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना जुन्या पद्धतीने नव्हती म्हणून तर एवढे मोर्चे निघाले, खाजगीवाल्यांचं तर सोडाच. आजचं जोडपं हे सगळं बाजारातून विकत घेतं, आणि मग त्याच व्यवस्थेसाठी टॅक्सही भरतं, पगारावर नसला तरी साबण-पेट्रोलवर भरतंच. सरकारी शाळा आणि दवाखाने चांगले नाहीत म्हणून मध्यमवर्ग तिथून उठून गेला, आणि तो उठून गेला म्हणून ते सुधारा म्हणून ओरडणारं तिथे कोणी उरलं नाही. मोबाईलचा हप्ता दिसतो हो, शाळेच्या फीचं मात्र कोणी "गरजा वाढवल्यात" म्हणत नाही. बाकी पोराला फोनवर हे ऐकवत असाल तर जरा बेतानं.

प्रश्न : आई ६६, बाबा ७२. दोघांच्या मेडिक्लेमचा प्रीमियम परवडत नाही, बंद करावा का?

उत्तर : बंद अजिबात नको, या वयात परत नवीन पॉलिसी मिळणं कठीण आणि मिळाली तरी जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड (तोवर त्यांचा खर्च मिळत नाही) पहिल्यापासून. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय, रिन्यूअल नोटीसमधे तो लावलेला नाही ना बघा, आणि त्याच वेळी मूळ प्रीमियम किती वाढवलाय तेही बघा. ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा असेल तर कंपनीला आधी आयआरडीएआयशी (विमा कंपन्यांवरची नियामक संस्था) बोलावं लागतं, हा नियम जानेवारी २०२५ चा आहे. बाबांचं केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, ७० च्या वरच्यांना उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार, खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतं. आधार लागतं. फक्त तुमच्या जवळचं कुठलं हॉस्पिटल यादीत आहे ते आत्ताच फोन करून विचारून ठेवा, आणि फोनवर "हो आहे" म्हणाले तरी एकदा काउंटरवर जाऊन बाबांच्या आजाराचं नाव सांगून विचारा. मग त्या हिशोबाने बाबांच्या पॉलिसीची रक्कम थोडी कमी करता येते का बघू, आईची मात्र आहे तशीच चालू ठेवा.