बोटावरची गाठ बरी होत नाही? डॉक्टरांना आधी माशांच्या टँकचं सांगा

माशांच्या टँकमधल्या फिल्टरचा स्पंज पिळताना बोट खरचटलं, तीनेक आठवड्यांनी तिथे जांभळट गाठ आली, दोनदा अँटिबायोटिक्स घेऊनही ती जात नाही, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी जाता जाता ‘गप्प्याही वाळत चालल्यात’ म्हणालात, म्हणजे टँकमधले गप्पी मासे. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे.

मी डॉक्टर नाही, पण हे वर्णन मायकोबॅक्टेरियम मॅरिनम या जंतूच्या लागणीशी फार जुळतं. हा टीबीच्या जंतूचा भाऊबंद, १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या माशांत सापडलेला. त्याला ३० अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, ३७ला तो नीट वाढत नाही. म्हणून आजार बहुतेकदा हाताच्या कातडीपुरताच राहतो. आणि म्हणूनच लॅबने नेहमीसारखं ३७ अंशांवर कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं) लावलं तर ‘नो ग्रोथ’ असा रिपोर्ट हातात पडतो. त्वचारोगतज्ज्ञांना टँकचं आवर्जून सांगा. बायोप्सी झाली, म्हणजे तपासायला गाठीचा तुकडा काढला, तर तो सगळा फॉर्मलिनमध्ये जाऊ देऊ नका, त्यातून कल्चर होत नाही. थोडा सलाइनमध्ये ठेवून ३० अंशांचं कल्चर मागा.

मांटू (टीबीसाठी हातावर टोचून करतात ती चाचणी) पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका, या जंतूनेही ती येऊ शकते. टीबीच्या नेहमीच्या गोळ्यांतलं पायराझिनामाइड याच्यावर चालत नाही. योग्य औषधंही काही महिने घ्यावी लागतात, गाठ गेल्यावरसुद्धा. घरातलं स्टेरॉइडचं मलम मात्र लावू नका. बोट सुजून वाकेनासं झालं तर थांबू नका, लगेच दाखवा.

तुमच्यापासून घरच्यांना लागण होत नाही. टँकचं पाणी मात्र कुणाच्या जखमेला लागू देऊ नका, आणि ते तोंडाने ओढून सायफन सुरू करायची आपल्याकडची खोड सोडा.

आता मासे. पोट खपाटीला, पाठ वाकडी, खवले गळताहेत, असं दिसत असेल तर दुकानदार देईल त्या पुडीवर पैसे घालवू नका. खात्रीचा इलाज नाही. नाल्यात किंवा तळ्यात तर मुळीच सोडू नका. टँकमधला स्पंज, ग्रॅव्हल (तळाची खडी), लाकूड फेकून द्या. काच हातमोजे घालून घासा, वाळवा, मग ७० टक्के अल्कोहोलने पुसा (खिडक्या उघड्या, गॅस बंद). पातळ ब्लीचवर विसंबू नका, हा जंतू त्याला सहज दाद देत नाही.

नवे मासे आणाल तेव्हा वेगळे ठेवाच. पण हा आजार महिनोन्‌महिने दबा धरून बसतो, त्यामुळे दोन आठवडे ठणठणीत दिसले एवढ्यावर हातमोजे काढू नका.