भेग दिसली की लगेच भ्रंश म्हणू नकोस

प्रिय,

दख्खनच्या बेसाल्टमध्ये (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात) भ्रंशांवर, म्हणजे ज्यांच्या दोन्ही बाजूंचा खडक सरकला आहे अशा भेगांवर, काम करायचं ठरवलं आहेस, तर कंपास जरा उशिराच बाहेर काढ. आधी खडक बघ. लाव्हा निवताना आकसून तडकतो. त्या भेगांनी पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात आणि त्या सहसा एकाच प्रवाहात संपतात. एखादी भेग दोन-तीन प्रवाह आणि मधला रेड बोलचा लाल, मातकट थर कापत सरळ गेली असेल, तर तिथे थांब.

रेड बोल दोन्ही बाजूंना वरखाली झाला आहे का, ते तपास. पण पातळी जुळली म्हणून भ्रंश नाहीच, असं समजू नकोस. थर आडवे आहेत. खडक आडवा सरकला तर कड्यावर काहीच फरक दिसत नाही. कोयनेचा 1967 चा भूकंप मुख्यतः अशाच आडव्या सरकण्याचा होता. अशा वेळी भेगेच्या पृष्ठभागावरचे ओरखडे शोध. त्यांचा स्ट्राइकशी (भेगेच्या पृष्ठभागावरच्या आडव्या रेषेशी) होणारा कोन त्याच पृष्ठभागावर कोनमापक ठेवून मोज आणि तो स्ट्राइकच्या कोणत्या टोकाकडून मोजला, तेही लिही. नुसतं '20 अंश' लिहिलंस तर घरी आल्यावर त्याचा काही उपयोग नाही. भेगेवर साचलेल्या कॅल्साइट खनिजाच्या बारीक पायऱ्यांवरून हात फिरव: ज्या दिशेने हात गुळगुळीत जातो, त्या दिशेने समोरचा, आता नसलेला भाग सरकला. निर्णय मात्र एकाच पायरीवर घेऊ नकोस.

बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं, त्यामुळे कंपास खडकाला टेकवू नकोस. मीटर-दोन मीटर मागे उभं राहून भेगेच्या रेषेत नेम धर, मग दुसऱ्या टोकाकडून उलटा. दोन वाचनांत 180 अंशांचा फरक हवा. दोन-तीन अंशांहून जास्त चूक आली तर जागा बदल. वीज पडलेले डोंगरमाथे सर्वांत फसवे. मोबाइलचा कंपासही तिथे तितकाच चुकतो.

मोजणीला रस्त्याच्या कटाईवर 20-30 मीटर टेप पसर. टेपला छेदणाऱ्या प्रत्येक भेगेचं अंतर, स्ट्राइक, डिप (उताराचा कोन), रुंदी, आतलं खनिज आणि ती कोणत्या भेगेवर जाऊन थांबते, हे सगळं नोंदव. थांबणारी भेग बहुधा नंतरची. टेपशी 30 अंशांचा कोन करणाऱ्या भेगा काटकोनातल्यांच्या निम्म्याच सापडतात, म्हणून दुसरी टेप पहिलीला काटकोनात लाव. हा कंटाळा केलास तर रोझ डायग्राम (भेगांच्या दिशांचा गोल आलेख) खडकाचा नाही, रस्त्याच्या कटाईचा निघतो.

खाणीत आणखी एक बघ. सुरुंगाच्या भोकाभोवती चांदणीसारख्या पसरलेल्या, कोऱ्या, खनिजाचा लेप नसलेल्या भेगा वहीत घेऊच नकोस. धुळे-नंदुरबारकडे डाईकच्या (खडकाच्या भेगेत शिलारस शिरून थिजलेल्या भिंतीच्या) कडेच्या भेगांची यादी वेगळी ठेव. तिथे निवण्याचे खांब आडवे पडलेले असतात.