तलावातले देशी मासे घटले, ते उन्हामुळे की चिलापीमुळे?

प्रश्न असा आला आहे : "आमच्या तलावात पूर्वी मरळ, वाम, शिंगाळा भरपूर मिळायचे. आता जाळं ओढलं की चिलापीच, तीही बोटभर. काहीजण म्हणतात ऊन वाढलं, काहीजण म्हणतात चिलापीनं बाकीच्यांना संपवलं. खरं काय? आणि उन्हाळ्यात पाणी कमी झालं तरी तगतो म्हणून शेततळ्यात थायलंडी मांगूर सोडला तर चालेल का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही, अजिबात सोडू नका. हा मूळचा आफ्रिकेतला मासा, भारतात तो पाळायला बंदी आहे. बंदी नसती तरी मी हेच सांगितलं असतं. त्याचं कारण तुमच्या पहिल्याच प्रश्नात आहे.

ऊन आणि चिलापी (म्हणजे आफ्रिकेतून आलेला तिलापिया), दोन्ही कारणं खरी आहेत. ऊन देशी माशाला दमवतं आणि त्याची सुटलेली जागा परका मासा धरतो. गोड्या पाण्याचं तापमान 20 अंश असेल, तर त्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तेच पाणी 30 अंशांवर गेलं की साडेसात मिलिग्रॅमच मावतो. प्राणवायू घटतो, पण तापलेल्या पाण्यात माशाला तो लागतो मात्र जास्त. उन्हाळ्यात उजाडायच्या आत तलावावर जाऊन बघा. रात्रभर शेवाळानंही प्राणवायू वापरलेला असतो, म्हणून मासे काठाशी येऊन तोंड वर करून पाण्याचा वरचा पापुद्रा ओढत असतात. चिलापी अशा पाण्यातही निभावून नेते. थायलंडी मांगूर तर सरळ हवेतून श्वास घेतो.

मरळही हवेतून श्वास घेते, मग ती का घटली, असं तुम्ही विचाराल. मरळीला अंडी घालायला काठाचं उथळ, झाडोऱ्याचं पाणी लागतं. तिथे ती घरटं करते आणि पिल्लांची राखण करते. ऐन वेळी पाणी ओसरलं किंवा काठ खरवडून साफ केला, की तिचा हंगाम वाया गेला. रोहू, मृगळ यांची अडचण वेगळी. त्यांना पावसाच्या नव्या, वाहत्या पाण्याची चाहूल लागली तरच ते अंडी सोडतात. पाऊस लांबला की पोटातली अंडी पोटातच जिरतात.

चिलापीला पावसाची वाट बघावी लागत नाही. दोन-तीन महिन्यांची झाली की ती अंड्यांवर येते, मादी अंडी तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेक वेळा वीण होते. पाणी साधारण 20 अंशांखाली गेलं की ही वीण थांबते. म्हणजे थंडी हाच तिच्यावरचा लगाम होता आणि हिवाळे ऊबदार होऊ लागले तसा तो सैल पडतो आहे. माझ्या मते हवामान बदलाचा तलावावर होणारा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा परिणाम हाच आहे. पाणी उतरल्यावर काठच्या चिखलात ताटाएवढे गोल खळगे दिसतात ना? ते चिलापीच्या नरांनी विणीसाठी उकरलेले असतात. मागच्या वर्षीपेक्षा ते वाढलेत का, एवढी नोंद ठेवलीत तरी तलावाची दिशा कळेल.

आता पुराचं. कोरडे दिवस वाढले तसे एकदम कोसळणारे पाऊसही वाढले. तळं भरून वाहिलं की त्यातला मासा ओढ्यातून थेट तलावात जातो. 1971 मध्ये मत्स्यफार्ममधला चंदेरा (सिल्व्हर कार्प, चीनकडचा मासा) असाच पुरात हिमाचल प्रदेशातल्या गोविंदसागर जलाशयात निसटला. पुढे तिथे त्याचाच भरणा झाला आणि आपला कटला मागे पडला. सुटलेला मासा परत गोळा करता येत नाही.

"देशी" शब्दाबद्दलही एक सांगायला हवं. आपल्या नदीचा मासा दुसऱ्या नदीत देशी ठरत नाही. दख्खनचा महसीर कावेरीत सोडला गेला, आणि कावेरीचा मूळ कुबड्या महसीर 2018 पासून धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत अतिसंकटग्रस्त आहे. सोडणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. म्हणून तलावात "भर घालायला" कुठलाही मासा स्वतःच्या मनानं सोडू नका. घरच्या काचेच्या टाकीतला सकर मासाही नको. तो काठात बिळं करतो आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात.

तलावाचं पाणी थंड करणं तुमच्या-माझ्या हातात नाही. नवा मासा आत येऊ न देणं मात्र आहे, म्हणून मेहनत तिथे घाला. शेततळं ओढ्याच्या पूररेषेच्या वर खणा. सांडव्याला आणि पाणी येण्याच्या तोंडाला बारीक जाळी लावा आणि पावसाळ्यात ती तुंबली नाही ना, हे रोज पाहा. तळ्यात चिलापी आधीच असेल तर उन्हाळ्यात तळं पूर्ण आटवून तळाला भेगा पडेपर्यंत वाळू द्या. आटवणं शक्यच नसेल तर मोहाची पेंड (बियांचं तेल काढल्यावर उरलेला चोथा) वापरता येते, तिनं तळ्यातले मासे मरतात. पाणी मीटरभर खोल असेल तर हेक्टरी 2500 किलो लागते आणि विषारीपणा दोन-तीन आठवडे टिकतो. ही पेंड फक्त बंदिस्त तळ्यासाठी आहे. तलावात, ओढ्यात किंवा जनावरं पाणी पितात तिथे टाकाल, तर उरलेसुरले देशी मासेही जातील.

तलावात चिलापी समूळ नाहीशी होणार नाही, ती दाबून ठेवावी लागते. जाळ्यात आलेली चिलापी, अगदी बोटभर असली तरी, परत पाण्यात टाकू नका. देशी माशांच्या विणीच्या काळात जाळं बंद ठेवा. काठावरचा झाडोरा काही पट्ट्यांत तरी राखा, कारण मरळ टिकली तर चिलापीची पिल्लं तीच खाते.

शेवटी मत्स्यबीजाबद्दल, म्हणजे तळ्यात सोडायच्या पिल्लांबद्दल. बहुतेक वेळा चिलापी आपण विकत घेतलेल्या पिशवीतूनच येते. बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) तळ्यात सोडण्याआधी पांढऱ्या घमेल्यात ओता आणि उजेडात पाहा. अंगावर उभे पट्टे आणि पाठीवरच्या पराच्या मागच्या भागावर काळा ठिपका दिसला, तर ते चिलापीचं पिल्लू आहे. अशी दोन-चार जरी सापडली तरी ती पिशवी तळ्यात रिकामी करू नका.