अलॉटमेंटचा नंबर लागला? आधी अर्धाच प्लॉट घे

अगं, अलॉटमेंट म्हणजे इथे ब्रिटनमध्ये कौन्सिल (स्थानिक पालिका) भाजीपाला लावायला भाड्याने देते तो जमिनीचा तुकडा; तिच्याकडे अर्धा प्लॉट माग. पूर्ण म्हणजे 10 रॉड (जमिनीचं जुनं इंग्रजी माप), जवळपास 250 चौरस मीटर. नोकरी सांभाळून पहिल्या वर्षी तो आवरत नाही. मी हट्टाने पूर्ण घेतला आणि जूनपर्यंत सगळीकडे बाइंडवीड हे वेलासारखं पसरणारं तण माजलं. त्याच्या पांढऱ्या, ठिसूळ मुळाचा बोटभर तुकडा जरी मातीत राहिला तरी पुन्हा फुटतो. बागकामाच्या फोर्कने अलगद उकरून काढ, रोटाव्हेटर अजिबात फिरवू नकोस. उरलेल्या जागेवर जाड पुठ्ठे अंथर. दुधी, टोमॅटो मेच्या मध्यापर्यंत बाहेर लावू नकोस, एखाद्या रात्री दव गोठतं आणि रोपं काळी पडतात. मेथी मात्र एप्रिलअखेर बिनधास्त पेर. आणि शेजारच्या प्लॉटवरचे आजोबा शेडमध्ये चहाला बोलावतील तेव्हा नक्की जा; जाताना मेथीची जुडी ने.